पाळण्यापासून ओट्यापर्यंत

“वहिनी, एवढ्या लांब ही बारीक वायर नेऊ नका. घुमेल,” असं धाकट्या दिरांनी बजावलं होतं. लाउडस्पीकर भाड्याने देणं हा त्यांचा धंदा. पण वहिनींनी ते हसण्यावारी नेलं. “भावजी, इथे काय मैफल भरायचीय? बाळ रडलेलं कळलं म्हणजे झालं.”

मित्रांनो, मी एक जुनी माइकची केबल आहे. तेव्हा मी भावजींच्या पेटीत तळाशी वेटोळं घालून पडले होते. माझ्या पोटात दोन तारा आहेत आणि त्यांच्याभोवती तांब्याची जाळी. कारखान्यातल्या तपासनीस बाईंनी मला दोनदा ओढून पाहिलं, तेव्हा कुठे बाहेर सोडलं. पुढे मी कितीतरी सभागृहांतून भाषणं वाहिली. टाळ्या वक्त्याला मिळायच्या, माझ्यावरून लोक चपला घालून जायचे. एकदा टोकाच्या पिनेला तार जोडणारा टाका निघाला आणि मी अडगळीत गेले.

वहिनींचं बाळ दीड महिना आधीच जन्मलेलं. घर लांबट, स्वयंपाकघर एका टोकाला, बाळाची खोली दुसऱ्या. पाळण्याजवळ माइक, ओट्यावर स्पीकर आणि मध्ये ती बारीक वायर. तिच्यात आवाजाला एकच तार, आणि परतीची वाट बाहेरच्या जाळीतूनच. त्यामुळे भिंतीतल्या विजेची घुंघुं थेट आवाजात मिसळायची. वहिनींना तिची सवय झाली. घुमतंय म्हणजे चालू आहे, असं त्यांनी धरलं. एका दुपारी बाळाचा रडून रडून घसा बसला, तरी ओट्यापाशी त्यांना फक्त घुंघुं ऐकू आली.

भावजी आले. ‘मी सांगितलं होतं’ असं काही ते म्हणाले नाहीत. त्यांनी मला काढून नवा टाका मारला.

“हिच्यात एकच आवाज दोन तारांतून जातो. एकीत सुलटा, दुसरीत उलटा. घुमणं मात्र दोघींत सारखंच शिरतं. स्पीकरच्या बाजूचं यंत्र दोघींतला फरक घेतं. जे सारखं ते कटतं, आवाज उरतो.”

“म्हणजे माझ्या दोन नणंदा. एक म्हणेल त्याच्या उलट दुसरी.”

“आणि तरी काम होतं बघा,” भावजी म्हणाले.

मला जोडलं. स्पीकर एकदम गप्प झाला आणि वहिनींचा चेहरा उतरला. “बंद पडलं? की बाळच...” वाक्य अर्धवट टाकून ओल्या हातांनीच त्या धावल्या. बाळ गालाखाली मूठ घेऊन झोपलं होतं. परत येऊन त्यांनी स्पीकरला कान लावला. आत, बाहेर. आत, बाहेर. इवलासा, पण एका लयीतला श्वास.

“श्वाससुद्धा ऐकू येतोय हो,” म्हणत त्या स्टुलावर बसल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचे खांदे सैल झाले.

मित्रांनो, आमच्यावर पाय देऊ नका, आम्हाला हिसका देऊन उपटू नका. आणखी एक सांगते. तुमच्याही घरात पलीकडच्या खोलीत कुणी असेल, तान्हं किंवा थकलेलं. सगळं ठीकच असणार, असं धरून बसू नका. उठा, आणि एकदा डोकावून या.