नळी जोडण्याआधी

सहा महिन्यांत तिसऱ्यांदा ह्यांच्या पोटात इन्फेक्शन झालं. पोटातल्या नळीतून घरच्या घरी डायलिसिस करायचं म्हणून आम्ही खुशीत होतो, पण कसलं काय! डॉक्टरांनी सरळ सांगितलं, पुन्हा झालं तर नळी काढणार. मग आठवड्यातून तीन दिवस हॉस्पिटलच्या मशीनवर. म्हणजे ह्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाला कुलूप, आणि दुकानाशिवाय हा माणूस जगेल असं मला वाटत नाही.

मी काय करायचं बाकी ठेवलं? खोली रोज पुसली, पडदे काढले, लाडकं मांजर नणंदेकडे धाडलं. वर ह्यांचं चालूच, "तूच कुठेतरी हात लावत असशील." अस्सा संताप आला!

"जंतू तोंडातले आहेत," हॉस्पिटलातल्या डायलिसिसच्या सिस्टर रिपोर्ट बघून म्हणाल्या. "मास्क लावता ना?"

"न चुकता," हे ताठ मानेनं म्हणाले. दार लावून एकट्यानं करायचं, असं शिकवलेलं. त्यामुळे मी कधी पाहिलंच नव्हतं.

सिस्टरनी सरावाची नळी पुढे ठेवली. ह्यांनी हात धुतले, मास्क लावला, टोपण काढलं. सगळं अगदी नेमकं. आणि जोडायच्या आधी मनगटानं मास्क वर सारून टोकावर फुंकर मारली!

"अहो!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

"काय झालं?"

"फुंकर कशाला मारलीत?"

"मी? कधी?" मग स्वतःच ओशाळले. "धूळ राहते ना आत. चाळीस वर्षं फुंकल्याशिवाय एका घड्याळाचं झाकण लावलं नाही."

कपाळावर हात मारून घेतला मी. इथे मी फरशी घासून घासून कंबर मोडून घेतली, आणि हे शहाणे आत फुंकतायत!

"पुन्हा करा," सिस्टर म्हणाल्या. पुन्हा मास्क वर. तिसऱ्यांदा तर मी "नाही हं!" म्हणत असतानाच गाल फुगले.

"असं असेल तर नळी ठेवता येणार नाही," सिस्टर हळूच म्हणाल्या.

हे खाली बघत बसले. "हात ऐकत नाही गं."

चिडायचं होतं, पण रडूच आलं.

"मला शिकवा, सिस्टर. मी जोडेन. आणि अहो, तुम्ही गप बसा, एक शब्द नको."

दुकानातल्या टेबलावरच्या स्क्रूलाही ह्यांनी लग्नापासून कधी मला बोट लावू दिलं नव्हतं. आज ह्यांनी स्वतःच नळी माझ्या हातात दिली.