कात्री जुनी झालीय

खण इतक्या जोरात ओढू नका हो, माझा जीव दचकतो. मी कात्री. कापड बेतायची, काळ्या मुठीची, चांगली वीतभराहून लांब. सध्या माझा मुक्काम सुटी बटणं, गंजलेल्या टाचण्या आणि एक तुटका टेप यांच्या शेजारी असतो. कुणी बोलवत नाही, म्हणून आज मीच बोलतेय.

माझा जन्म भट्टीतला. लालबुंद तापवून, ठोकून मला पाण्यात बुडवलं, तेव्हा जो चर्र आवाज झाला त्याची धास्ती अजून गेलेली नाही. पुढे दुकानातल्या काचेच्या कपाटात मी पुष्कळ दिवस पडून होते. मग आत्या आली. तेव्हा ती तरुण होती, नुकतंच शिवणकाम सुरू केलेलं. तिनं मला कानाजवळ धरून नुसतं उघडलं, मिटलं. "आवाज छान आहे हिचा," म्हणाली. माझं असं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं. मी तेव्हाच तिची झाले.

तिच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मशीन आणि उंच आरसा, मागच्या खोलीत बेतायचं टेबल. त्या टेबलावर आम्ही दोघींनी आयुष्य काढलं म्हणा ना. मला उचलण्याआधी ती कापडावरून तळहात फिरवायची, मापं पुन्हा घ्यायची आणि हळूच विचारायची, "चुकणार नाही ना गं?" इतकी वर्षं हात बसलेला, गिऱ्हाईक दारात ताटकळत उभं, तरी ही बाई घाबरतेच! मला हसू यायचं. मग हळूहळू लक्षात आलं. कापड कुठे कुठे दगा देतं त्या सगळ्या जागा तिला ठाऊक होत्या, म्हणून तिला भीती वाटायची.

मखमल आली की ती तर श्वाससुद्धा जपून घ्यायची. मखमलीला लव असते. एका बाजूनं हात फिरवला तर मऊ, उलट्या बाजूनं खरखरीत. सगळे तुकडे एकाच दिशेनं कापायला लागतात, नाहीतर अंगावर एक बाजू गडद आणि दुसरी फिकी दिसते. पण मखमल उलटी पसरून मागून आखतात, तेव्हा टेबलावर काहीच कळत नाही. म्हणून आत्या प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर खडूनं बाण काढायची. खर्र, टक. खर्र, टक. तो आवाज आला की मी निर्धास्त व्हायचे.

मग आत्याचा अंगठा सुजायला लागला. डॉक्टरांनी कात्री धरायला साफ बंदी केली आणि भावाची मुलगी मदतीला आली. पोरगी गोड, हसरी, आत्याच्या गळ्यात पडणारी. पंधरवडाभर तिनं पडद्यांच्या कडा मारल्या आणि जाहीर केलं, "आत्या, आलं हं मला सगळं. उगाच बाऊ करतेस तू. असतं काय त्यात?"

"अगं राणी, हळूहळू येतं ते."

"तुझ्या वेळी येत असेल हळूहळू!"

दोघी हसल्या. मीही हसले असते, पण तिच्या बोटांत मी तिरकी धरली गेले होते.

अशात एक गाणारी मुलगी आली. पहिल्यांदाच मोठ्या मंचावर एकटीनं गाणार होती. पिशवीतून तिनं निळी मखमल काढली. "आईनं जपून ठेवली होती माझ्यासाठी. आता आई नाही. कोट शिवाल ना, आत्या? एवढंच कापड आहे. असलं निळं आता कुठेच मिळत नाही."

आत्यानं कापडावरून हात फिरवला आणि भाचीकडे पाहिलं. भाचीनं मान डोलावली सुद्धा.

मागच्या खोलीत भाची आणि मी, दोघीच होतो. तेवढ्या कापडात एक बाही बसेना, तर तिनं कागदी नमुने फिरवले. डावी बाजू सरळ, उजवी उलटी. सगळं चपखल बसलं. स्वतःवरच खूश होऊन ती शीळ घालायला लागली. बाहेरून आत्यानं विचारलं, "बाण काढलेस ना गं?"

"हो गं बाई, झालं सगळं!"

खडू तिनं हातातसुद्धा घेतला नव्हता. मी अडकून बघितलं, स्क्रू घट्ट आवळून धरला. तिनं जोर लावला. हात नेईल तिकडे जायचं, एवढंच माझ्या नशिबी.

कोट घालून ती गाणारी आरशासमोर उभी राहिली आणि तिचा चेहराच उतरला. अर्धा कोट शाईसारखा गडद, अर्धा धुऊन विटल्यासारखा.

"काय मस्त बसलाय!" भाची म्हणाली.

"हे... दोन रंग का दिसतायत?"

"छे, दिव्याचा उजेड पडलाय एका बाजूला."

ती खोटं बोलत नव्हती हो, तेच तर दुःख! तिला खरंच दिसत नव्हतं. चूक दिसायलाही तेच शिकावं लागतं, जे ती शिकली नव्हती. गाणारी दिव्यापासून दूर सरकली, तरी दोन रंग तसेच. तेव्हा कुठे भाची गोंधळली. डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं मशीनवर पडलेल्या माझ्याकडे बोट दाखवलं. "ही कात्रीच बोथट आहे. ओढते कापडाला. त्यानंच झालं असणार. हो की नाही, आत्या?"

मी आत्याकडे बघत राहिले. तिला पहिल्या नजरेत कळलं होतं. तिनं भाचीच्या भरल्या डोळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहायचं टाळलं.

"हो," ती म्हणाली. "कात्री जुनी झालीय."

गाणारीनं कोटाची घडी घातली. तिच्या आईनं घातली असेल, तशी जपून. आणि निघून गेली.

दुसऱ्याच दिवशी लाल मुठीची नवी कात्री आली. दारावर पाटी लागली, 'सर्व प्रकारच्या नाजूक कपड्यांचे तज्ज्ञ'. माझ्याकडे दुधाच्या पिशव्या आणि एकदा चक्क तार कापायचं काम आलं. धार आता खरोखरच गेलीय. खोटं बोललेलं खरं व्हायला वेळ लागत नाही.

आज सकाळी पुढच्या खोलीत आवाज आला. कुणी बाई मखमल घेऊन आल्या होत्या, लेकीसाठी. "काही काळजी करू नका," भाची म्हणाली, "मखमलीत हातखंडा आहे माझा."

थोड्या वेळानं खण हळूच उघडला. आत्या! तिनं मला पुसलं, तेलाचा थेंब सोडला, दुखरा अंगठा पात्यावरून फिरवला. "माफ कर गं मला," म्हणाली.

मला काय करायची ती माफी? हेच धाडस भाचीसमोर कर ना, आत्या. मला टेबलावर नेऊ नकोस, भंगारात घाल हवं तर. पण तिच्या शेजारी उभी राहा. रडली तर रडू दे. एकदाच तिचा हात धरून मखमलीवरून उलटा फिरव.

तिनं मला जागेवर ठेवलं. खण मिटला. मी अंधारात कान लावून बसले, खडूच्या आवाजासाठी.

नवी कात्री चालायला लागली.