डब्यावर लिहिलेला वेग

मित्रांनो, दर्शना मशीन बंद करायला उठायच्या आत मला माझी गोष्ट सांगून टाकायची आहे, म्हणून जरा घाईत बोलते. तशी मी घाईचीच. मी कॉम्प्युटरची मेमरी आहे, वीतभरही लांब नसलेली एक काळी पट्टी. शेजारच्या खाचेत माझी जुळी बहीण बसते. चारकोपच्या एका छोट्या घरात, खिडकीजवळच्या टेबलावर एक पेटी आहे. घरातले सगळे तिला सीपीयू म्हणतात. त्या पेटीत आम्ही दोघी राहतो.

कॉम्प्युटरची डिस्क म्हणजे घरातलं कपाट. तिथे ठेवलेली वस्तू वर्षानुवर्षं राहते. मी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. जे काम आत्ता हातात आहे, ते माझ्यावर मांडलेलं असतं. आणि माझी आठवण इतकी कच्ची, की सगळं सारखं स्वतःशी घोकत राहावं लागतं. जरा थांबले की गेलं. त्यात अंग तापलं तर घोकता घोकताच निसटतं. मशीन बंद झालं की सगळं कामच पुसलं जातं. घरातली माणसं तेवढी कशी लक्षात राहतात, ते मलाही सांगता येणार नाही. स्वस्थ बसणं काही माझ्या नशिबात नाही.

मी तयार झाले तेव्हा कारखान्यात मला पळवून पाहिलं आणि डब्यावर ठळक आकड्यांत माझा वेग छापला, सहा हजार. मला त्याचा फार अभिमान. पण गंमत अशी, की मशीनमध्ये बसवल्यावर आम्ही आपणहून त्या वेगाने धावत नाही. सेटिंगमध्ये जाऊन कोणीतरी तसं सांगावं लागतं. तोवर आम्ही चार हजार आठशेवर रमतगमत चालतो.

दर्शनाचा धाकटा भाऊ विशाल मुलुंडहून आला, त्याने हे मशीन जोडलं आणि आम्हांला सहा हजारांवर सोडलं. दर्शना दातांवर बसवायच्या कॅपची डिझाइन्स करते. लॅबकडून रुग्णाच्या जबड्याचं स्कॅन येतं आणि ती पडद्यावर त्याला नेमका बसेल असा दात घडवते. आधी ती अंधेरीला नोकरी करायची. जाण्यायेण्यातच जीव मेटाकुटीला यायचा, म्हणून तिने पक्की नोकरी सोडली आणि घरून काम घेतलं. तिच्या सासूबाईंना, शेवंतीबाईंना, ते मुळीच पटलं नव्हतं. मिळालेली नोकरी कोणी सोडतं का, असं त्या उठताबसता म्हणायच्या. मग एके दिवशी त्या बोलायच्या थांबल्या आणि त्यांनी मशीनसाठी क्रोशाचं कव्हर विणायला घेतलं. पांढरा दोरा, कडेला लाल कळ्या, आणि धूळ शिरू नये म्हणून आतून जाड अस्तर. त्या घरात मिक्सरला कव्हर आहे, टीव्हीला आहे, रिमोटलासुद्धा आहे. मशीनलाही मिळालं तेव्हा सासूबाईंचा राग गेला, हे दर्शनाने ओळखलं. तिने ते कव्हर गालाला लावलं होतं, मी पाहिलंय.

आणि तिथूनच माझे हाल सुरू झाले. सकाळी मी सुसाट धावायचे. दुपारी जेवणं आटोपली की शेवंतीबाई केर काढायच्या, आणि उडालेली धूळ बसू नये म्हणून चालू मशीनवर कव्हर घालायच्या. वरच्या जाळीतून बाहेर जायची गरम हवा परत माझ्याच अंगावर यायची. मग घोकताना काहीतरी निसटायचं, पडदा निळा होऊन मशीन बंद पडायचं आणि अर्धा घडवलेला दात गायब. बोलणी मात्र मी खायची.

विशाल दर रविवारी येऊन झटापट करायचा. त्याने आमच्या सोनेरी कडा खोडरबराने घासल्या, जागा बदलल्या, एकेकीला वेगळं बसवून पाहिलं, व्होल्टेज किंचित वाढवलं, तपासणीचा प्रोग्राम लावला. पेटी उघडायची म्हणून कव्हर आधीच घडी होऊन पलंगावर गेलेलं असायचं. मी प्रत्येक परीक्षेत पास. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, पण मेमरीला तोंड नसतं.

एका दुपारी मशीन असंच बंद पडलं. दर्शनाने वैतागून त्यावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. तिने कव्हराची कड उचलली. आतून कुकरच्या वाफेसारखी हवा आली. तिला सगळं कळलं. मला वाटलं, सुटले एकदाची. पण तिने आत आडव्या झालेल्या सासूबाईंकडे पाहिलं, कव्हर होतं तसं नीट केलं, आणि मशीन पुन्हा चालू करून मला चार हजार आठशेवर आणलं. मित्रांनो, मी इतकी चिडले म्हणून सांगू.

मशीन बंद पडेनासं झालं, पण काम रेंगाळू लागलं. त्या उकाड्यात प्रोसेसरही दमून हळू चालायचा. जड स्कॅन पडद्यावर फिरता फिरत नसे. रोज एखादा दात उद्यावर जायचा. शेवटी लॅबच्या देवेशचा फोन आला. आजच्या कॅप पाचच्या आत आल्या नाहीत तर उद्यापासून काम दुसरीकडे जाईल, असं त्याने आवाज न चढवता सांगितलं. दर्शनाने घाईघाईने विशालला फोन लावून स्पीकरवर ठेवला. वेग सहा हजारच आहे ना, असं त्याने काय काय विचारलं आणि शेवटी म्हणाला, "ताई, वर काही झाकलेलं नाही ना?"

"नाही रे," दर्शना म्हणाली.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. शेवंतीबाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी कव्हराकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"भावाशी खोटं कशाला बोललीस गं?"

दर्शनाने मान खाली घातली. "तुम्ही एवढं मन लावून केलंय, आई. अस्तर लावून."

"मशीन नीट राहावं म्हणून केलं मी. तुझं काम जावं म्हणून नाही केलं." शेवंतीबाईंनी कव्हर ओढून काढलं आणि जाळीवर तळहात धरला. त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाल्या, "आता लाव तुझं ते सहा हजार."

दर्शनाने टेबलफॅन आमच्याकडे वळवला, जरा निवू दिलं आणि मला मोकळं सोडलं. मी धावले. त्या दुपारी घोकलेल्यातला कणही निसटला नाही. पाच वाजत आले तेव्हा शेवटचा दात लॅबकडे गेला. देवेशने मिळालं एवढंच कळवलं, पण दुसऱ्या सकाळी नवीन स्कॅन आलं.

कव्हर आता मशीन बंद असतानाच अंगावर येतं. दुपारी केर काढून झाला की शेवंतीबाई जाळीवर तळहात धरतात, हवा लागते ना ते बघतात आणि मगच आडव्या होतात. त्या हाताची मी रोज वाट बघते.

मित्रांनो, कोणावर मायेने पांघरूण घालाल तेव्हा आधी असा हात धरून बघा. आणि कोणी तुमच्यावर घातलेल्या पांघरुणात जीव घुसमटला तर गप्प राहू नका. तुम्हांला तोंड आहे. दर्शना उठलीच बघा. तिने बटण दाबलं की माझा ओटा रिकामा. एवढं तुमच्याकडे राहू द्या.