शेवटच्या वाक्यानंतरची उसंत

आमच्या आईनं सत्तरी उलटल्यावर इंग्रजी शिकायला घेतलं आणि पहिल्याच क्रियापदावर गाडी अडली. क्रियापद होतं ‘कीप’. दुपारची जेवणं झाली की ती टेबलाशी बसायची, फोन पाण्याच्या जगला टेकवून उभा करायची आणि तोच धडा पुन्हा लावायची. शेजारच्या काकू म्हणायच्या, या वयात काय ही हौस! मी मान डोलवायची. हौस इंग्रजीची नव्हती. धड्यातला आवाज माझ्या ताईचा होता, आणि ताईला जाऊन वर्ष होत आलं होतं.

ताई भाषेचे धडे रेकॉर्ड करायची. आधी इंग्रजी वाक्य, मग त्याचा अर्थ, मग शिकणाऱ्यानं म्हणून बघावं म्हणून थोडी रिकामी जागा. स्टुडिओत त्या जागेला ‘उसंत’ म्हणायचे. ही उसंत नंतर यंत्रावर जोडायची नाही, असा तिथल्या रेकॉर्डिस्टचा हट्ट. त्याला सगळे कानसेन म्हणतात. त्याचं म्हणणं, जोडलेली शांतता मेलेली असते, ऐकणाऱ्याला वाटतं यंत्र बंद पडलं. म्हणून वाक्य बोलून झालं की ताई ओठ मिटून तेच वाक्य मनातल्या मनात म्हणायची, नवशिक्यासारखी अडखळत, आणि मगच पुढे जायची. त्या उसंतीत नीट कान दिला तर तिचा श्वास ऐकू येतो.

एका गोष्टीवरून मात्र तिचं कंपनीशी चांगलंच वाजलं होतं. कंपनीला प्रत्येक उसंतीनंतर ‘शाबास’ हवं होतं. ताई म्हणाली, “समोरचा बरोबर बोलला की चूक, मला ऐकू येतंय का? मग शाबास कशाची?” शेवटपर्यंत ती म्हणाली नाही ते नाहीच. माझ्याशीही तिचा हाच खाक्या. लहानपणी मला इंग्रजी तिनंच शिकवलं, कान पिरगाळून. ‘वेटिंग’, ‘वॉटर’ म्हणताना ओठ गोल झाले नाहीत की कान लाल. आणि बरोबर म्हटलं तरी “हं, पुढे” एवढंच. शाबासकी माझ्या वाट्याला कधी आली नाही. ‘कीप’ हा तिचा शेवटचा धडा. तो संपवून ती दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही.

सुरुवातीला आई निमूटपणे तिच्या पाठोपाठ म्हणायची. मला हसू यायचं आणि बरंही वाटायचं, निदान तोंड तरी उघडते आहे. मग हळूहळू तिनं पाठोपाठ म्हणणं सोडलं आणि ती उत्तरं द्यायला लागली.

“कीप द डोअर ओपन. दार उघडं ठेव.”

“उघडंच आहे गं. धाकटी सारखी लावते, मी परत उघडते.”

“कीप माय प्लेस. माझी जागा धरून ठेव.”

“धरलीय. कुणाला बसू देत नाही.”

हे खरं होतं. खिडकीजवळची खुर्ची ताईची. मी एकदा तिच्यावर पिशवी ठेवली, तर आईनं ती उचलून जमिनीवर ठेवली.

माझं डोकं फिरायचं. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहून मी दिवसभर लोकांना सांगते, ही गोळी जेवणाआधी, ही जेवणानंतर. दुपारी दुकान बंद करून घरी यावं, तर माझ्याच आईशी बोलायला माझा नंबर लागत नसे. माझ्याशी “ताट वाढलंय” एवढंच. तिचं स्वतःचं ताट तसंच झाकलेलं. तिच्या अंगावरचे कपडे सैल व्हायला लागले होते. मला काळजी वाटायची, आणि खरं सांगायचं तर ताईचा हेवाही वाटायचा. गेलेल्या माणसाचा कसला हेवा, असं स्वतःला कितीही बजावलं तरी वाटायचाच.

एका दुपारी मी भांडी घासत होते. आई टेबलाशी बोलत बसली होती. गच्चीच्या किल्लीचं, शेजारच्या मांजरीनं आमच्या जिन्यात घातलेल्या पिल्लांचं, मी लग्नाचं मनावर घेत नाही त्याचं. मी भांडी विसळली, पुसली, फळीवर मांडली, तरी तिचं चालूच. मग माझ्या लक्षात आलं की मघापासून ताई काहीच बोललेली नाही. वळून पाहिलं तर फोन चालू होता. आई म्हणाली, “असं सगळं आहे बघ.” आणि लगेच ताई म्हणाली, “कीप टॉकिंग. बोलत राहा.”

मांडायचा राहिलेला शेवटचा पेला माझ्या हातातून निसटून फुटला. आईनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई अंघोळीला गेली तेव्हा मी एकटीनं धडा लावून पाहिला. उसंत एवढीशी. माझं वाक्य अर्ध्यावर असतानाच ताई पुढे निघून गेली, नेहमीसारखी. आई बाहेर येऊन टेबलाशी बसली आणि तीच उसंत पुन्हा लांबली. आई बोलत होती तोवर ताई थांबली. आईचं संपल्यावरच ती बोलली.

त्याच सुमारास कानसेनचा फोन आला. कंपनी जुने धडे नव्यानं करून घेत होती आणि ताईच्या आवाजाशी जुळणारा आवाज त्याला माझाच आठवला. मी गेले, पण आधी त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही. “आवाज काय रबर आहे ताणायला?” एवढंच म्हणून त्यानं मूळ धडा पहिल्यापासून लावला. सगळ्या उसंती नेमक्या आणि आखूड होत्या. तो धडा मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकत होते. शेवटचं वाक्य मला अगदी नवीन होतं. “डोन्ट कीप मी वेटिंग. मला ताटकळत ठेवू नकोस.”

घरी हे वाक्य कधी वाजलंच नव्हतं. आई रोज त्याच्या आधी धडा बंद करत होती.

“शेवटचं वाक्य का नाही ऐकत तू?” मी तिला विचारलं.

ती फोनची काच रुमालानं पुसत होती. “ऐकलं की उत्तर द्यावं लागेल,” ती म्हणाली. “आणि तिला नाही म्हणायला मला कधी जमलंय?”

आई एवढ्या शांतपणे बोलली होती की तिच्यावर ओरडताही येईना. मी ठरवलं, धडा नव्यानं करायचा आणि तिच्या फोनमधला जुना काढून माझा घालायचा. आवाज जवळपास तोच, पण उसंत माझी. माझ्या उसंतीतून तिला कुठेही जाऊ द्यायची नाही मी.

रेकॉर्डिंगच्या दिवशी दुकानातून रजा घेतली. आईला सांगून निघाले की आजपासून ताईचं काम मी करणार. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “चांगलं झालं. काळजी मिटली.” मला वाटलं, तिला आनंद झाला.

स्टुडिओची खोली एवढीशी, भिंतींना जाड कापड, समोर काच आणि काचेपलीकडे कानसेन. ‘शाबास’ मीही म्हणणार नाही, हे मी आधीच सांगून टाकलं होतं. सगळी वाक्यं सुरळीत झाली. शेवटचं म्हटलं, ओठ मिटले आणि तेच मनात म्हणायला लागले. तोच हेडफोनमध्ये, अगदी कानाशी, आईचा आवाज आला.

“आले गं. चपला घालते आणि आले.”

मी हेडफोन ओढून काढला. काचेपलीकडे कानसेन कधी माझ्याकडे, कधी समोरच्या आवाजमापकाच्या काट्याकडे बघत होता. “तू ओठ हलवले नाहीस,” तो म्हणाला. “मग काटा कसा हलला?”

मी पायात चपलाही न घालता धावत सुटले. लोक वळून बघत होते. ऐन दुपार होती, दुकानं उघडी होती, सगळं नेहमीसारखं होतं, आणि मी रडत धावत होते.

घराचं दार सताड उघडं होतं. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, ताईच्या. बाहेर जायचे कपडे, नीट विंचरलेले केस, पायात चपला, डोळे मिटलेले. फोन जगला टेकून उभा होता आणि धडा चालू होता. त्यातून नुसता श्वास ऐकू येत होता. ताईचा. तो आत जाई, बाहेर येई, आणि आईचा श्वास त्याच्याच लयीत चालला होता. फक्त आईचा दर वेळी थोडा कमी होत होता.

मी तिचा हात धरला. गार होता. “आई,” म्हणून हलवलं, तर मान कलंडली. मी फोन बंद करायला बोट पुढे नेलं आणि थबकले. उसंतीच्या मध्येच बंद केला तर आई कुठल्या बाजूला राहील? ताईला उत्तर हवं होतं. कुणीतरी दिल्याशिवाय ती पुढे जाणार नव्हती.

“ताई,” मी फोनवर ओरडले, “बास झालं तुझं! खिडकी तुझी, खुर्ची तुझी, आईचं बोलणंही सगळं तुझंच. आई नाही मिळायची. मला ती हवी आहे. तिची वेळ होईल तेव्हा ती येईल. तोवर... तोवर कीप वेटिंग. वाट बघत राहा.”

‘वेटिंग’ म्हणताना मी ओठ गोल केले होते.

फोनमधला श्वास थांबला. आईचाही थांबला. खोलीत काही म्हणजे काही ऐकू येईना. मग आईला ठसका लागला, ती पुढे वाकली आणि तिनं डोळे उघडले.

“मोठ्या बहिणीशी असं बोलतात का?” ती म्हणाली.

मी खाली बसले आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडले. तिचा हात केसांतून फिरत होता. अजून गार होता, पण फिरत होता.

“रोज बंद करत होते मी,” आई म्हणाली. “ती बोलावणार, मला कळत होतं. पण तुला एकटीला टाकून कशी जाऊ? आज तू म्हणालीस, तिचं काम तुला मिळालं. मला वाटलं, लागलीस मार्गाला. आता माझ्यावाचून तुझं काही अडणार नाही.”

“अडतं,” मी म्हटलं. “माझं अडतं गं, आई.”

वाकून तिनं एक चप्पल काढली, मग दुसरी, आणि दोन्ही खुर्चीखाली सरकवल्या. “ताट वाढ माझं,” ती म्हणाली.

मी डोळे पुसत उठले. फोन बंद करायला गेले, तेवढ्यात त्यातून ताईचा आवाज आला.

“शाबास.”

त्यानंतर धडा आपोआप बंद झाला. आई माझ्याकडे बघत होती.

“कुणाला म्हणाली गं ती?”

“मला,” मी म्हटलं.