कांदिवलीचे परब साहेब

बोरिवलीच्या एका मॉड्युलर किचनच्या शोरूममध्ये श्रुतिका डिझायनर होती, आणि तिचं सगळ्यात किचकट गिऱ्हाईक म्हणजे कांदिवलीचे परब साहेब. रोज दुपारी साहेबांना काहीतरी खटकायचं. कधी ओटा उंच व्हायचा, कधी कपाटाचा रंग डोळ्यांत खुपायचा. मग श्रुतिका मेजरिंग टेप पर्समध्ये टाकून स्कूटी काढायची आणि बऱ्याच वेळाने घामाघूम होऊन परतायची.

हे परब साहेब तिचे वडील होते. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची डावी बाजू गेली होती; जीभ मात्र शाबूत होती. आई नव्हती. सकाळ-संध्याकाळ नवरा सुयोग आणि शेजारच्या चंपाकाकी निभावून न्यायचे. दुपारचं जेवण, गोळ्या आणि अंग पुसणं श्रुतिकाकडे. रोज दुपारी घरी जायची सवलत मागितली तर तिचे बॉस अनिरुद्ध सर नाहीच म्हणणार, हे तिने गृहीत धरलं होतं. त्यापेक्षा बापालाच गिऱ्हाईक करणं सोपं. लग्नानंतर ती सावंत झाली होती, त्यामुळे परब नावाचा कुणाला वास आला नाही.

एक दिवस अनिरुद्ध सरांनी गाडीची चावी उचलली.

"हा परब नुसता फिरवतोय तुला. चल, आज मी बघतो त्याच्याकडे."

श्रुतिकाने बाथरूममधून घरी फोन लावला. "बाबा, बॉस येतोय. आज तुम्ही गिऱ्हाईक आहात. जरा कमी बोला."

"गिऱ्हाईक कधी कमी बोलता काय?" बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकी खुशी तिने कित्येक दिवसांत ऐकली नव्हती.

दोघं पोचले तेव्हा बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत ताठ बसले होते. चंपाकाकींनी भांगसुद्धा पाडून दिला होता. सरांनी कठडा लावलेली कॉट पाहिली, कोपऱ्यातला वॉकर पाहिला, आणि कॅटलॉग उघडला.

"ह्यो रंग नको. तेलाचो डाग दिसतलो."

"मग हा राखाडी बघा, काका."

"राखाडी? घरात काय कोणी मेलाहा?"

सरांनी सगळा कॅटलॉग दाखवला. बाबांनी सगळा नापास केला. शेवटी सर स्वतःहून वीस टक्के सूट द्यायला तयार झाले, आणि बाबा रंगात येऊन म्हणाले, "ठरला. उद्या माणसा धाड."

पण त्यांची एक अट राहिली होती. "कामाक हीच पोरगी येऊक होयी. दुसऱ्या कोणाक मी दार उघडूचंय नाय."

एवढं बोलून त्यांनी सवयीने आ केला. श्रुतिकाने सवयीनेच त्यात गोळी टाकली, पाणी पाजलं आणि पदरासारखी ओढणी पुढे करून हनुवटी पुसली. मग तिचा हात तसाच राहिला.

सरांनी कॅटलॉग मिटला. "ही सर्व्हिस आपण सगळ्यांना देतो का?"

"नाय," बाबा म्हणाले. "लेक आसा ती माझी."

सर श्रुतिकाकडे वळले.

"मला सरळ का नाही सांगितलंस?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात, सर."

सरांनी विचार केला. "हो. म्हणालो असतो." मग त्यांना हसू आवरेना. "काका, तीन महिने माझ्या माणसाला नाचवलंत तुम्ही."

"मी नाय. तिनाच माका नाचवल्यान."

सोमवारच्या मीटिंगमध्ये सरांनी विचारलं, असं गिऱ्हाईक अजून कुणाकडे आहे? अकाउंट्सच्या रश्मीने हात वर केला. तिच्या रोजच्या बँकेच्या फेऱ्या मुलुंडच्या सासूबाईंपाशी संपायच्या. फिटिंगवाल्या खंडूची बिघडणारी बाइक बिघडत नव्हती, भावाला डायलिसिसला नेत होती. अर्धं शोरूम खोटं बोलत होतं, आणि तरीही काम वेळेवर होत होतं, हे सरांना जास्त लागलं.

दुपारच्या मीटिंगा बंद झाल्या. घरी आजारी माणूस असेल त्याने दुपार घरी काढावी, ड्रॉइंग तिथूनच पाठवावीत, एवढं ठरलं.

बाबा नाराज होते. "म्हणजे माझी नोकरी गेली," ते म्हणाले.

श्रुतिकाला पहिले काही दिवस थाप न मारता निघताना चोरट्यासारखं वाटायचं. मग एका दुपारी बाबांना भरवताना तिने आपलंही ताट वाढून घेतलं. दुपारी आपल्यालाही भूक लागते, हे ती विसरूनच गेली होती.