नोए धक्क्यावर काय म्हणाली?

शनिवारी दुपारी साडेचार वाजता चिनामीने माझ्या शेवटच्या पानावर पेन्सिलने दोन शब्द लिहिले. पाच वाजायच्या आत त्या पानाला भोक पडले होते आणि दोन मैत्रिणींचे बोलणे बंद झाले होते.

मित्रांनो, मी एक जुना मांगा आहे. 'गोदीतली नोए' या चित्रकथेचा अकरावा आणि शेवटचा खंड. जपानमधल्या ओनोमिचीच्या बंदराजवळ फुकुएकाकूंचे ओकोनोमियाकीचे, म्हणजे कोबी घातलेल्या जाड धिरड्यांचे, दुकान आहे. तिथल्या फळीवर, सॉसच्या बाटल्यांच्या वर, मी माझ्या दहा भावंडांसोबत राहतो.

आमचा कागद स्वस्त आणि शाई एकच, काळी. फुकुएकाकूंच्या मुलाने आम्हाला एकेक करून विकत आणले. तो ओसाकाला नोकरीला गेला आणि आम्ही दुकानात आलो. गोदीतले कामगार एका हातात खायचे छोटे उलथणे आणि दुसऱ्या हातात मला धरून जेवत. माझ्या अंगावरचे डाग त्या काळातले आहेत. एक वेल्डर माझे शेवटचे पान वाचून डोळे पुसू लागला आणि कोणी बघितले तेव्हा तव्याच्या वाफेला दोष देऊन मोकळा झाला. पुढे प्रत्येकाच्या हातात फोन आला. फळीकडे मान वर करून क्वचितच कोणी पाही. धूळ आणि तेल यांचा चिकट थर माझ्यावर चढत गेला.

मग आमच्या कथेचा ॲनिमे झाला, म्हणजे आमची चित्रे टीव्हीवर हलू-बोलू लागली. तो पाहून चिनामी दुकानात आली. "काकू, ह्याचं पुस्तकही आहे म्हणे?" शेजारच्या टेबलावर तिच्याच शाळेतली इओरी बसली होती. तिने आम्हाला केव्हाच वाचून संपवले होते. "पुस्तकही नाही," ती म्हणाली. "आधी पुस्तक. टीव्ही नंतर." त्या दिवसापासून दर शनिवारी एकच टेबल आणि एकच वाद.

"नोएचा आवाज घोगरा आहे," इओरी म्हणायची. "दिवसभर बोटींचा गंज खरवडणारी पोरगी ती! टीव्हीवर काय, साखरेच्या पाकात बुडवून काढलीय."

"घोगरा म्हणून कुणी सांगितलं तुला?"

"पुस्तकानं."

मी सांगितले नव्हते. मला नोएचा आवाज ठाऊकच नाही. तो कसा असेल, हे ऐकायला मीच कान टवकारून असे. नोएचा रुमाल मोहरीच्या फुलासारखा पिवळा आहे, हे मला चिनामीकडून कळले. इतकी वर्षे तो माझ्यात राखाडी ठिपक्यांचा होता.

"आणि ते एकटक बघणं!" इओरीची तक्रार संपत नसे. "पुस्तकात एक चौकट. टीव्हीवर अर्धा भाग संपला, तरी नोएचा भाऊ आपला बघतोयच समुद्राकडे."

"त्यात वारा वाहतो गं. तुझ्या चौकटीत वाहतो का?"

"माझ्या डोक्यात वाहतो."

"तरीच! आत दुसरं काही नाही म्हणून."

काकू उलथणे आपटत. "पोरींनो, भांडा, पण खाऊन भांडा. करपतंय."

टीव्हीवरची कथा आठव्या खंडापाशी थांबली. उरलेल्या भागावर सिनेमा निघणार, ही बातमी हिवाळ्यात आली आणि दोघींचे लक्ष माझ्या शेवटच्या पानाकडे वळले. तिथे नोएचा भाऊ बोटीने कायमचा निघून जातो. नोए धक्क्यावर उभी आहे. तिचे तोंड उघडे आहे, तोंडाजवळ संवादाचा फुगा आहे आणि फुगा रिकामा आहे. ती काय म्हणाली, हे मलाही माहीत नाही. तिथे शाईच पडली नाही.

"सिनेमात ती बोलणार," चिनामी म्हणाली. "शेवटी एकदाचं कळेल."

"मला नकोय कळायला. दर वेळी मला वेगळं ऐकू येतं तिथं. तेच तर माझं आहे."

त्या शनिवारी इओरी हात धुवायला गेली आणि चिनामीने फुग्यात लिहिले : जेवून जा.

इओरी परत आली. तिने पान पाहिले.

"हे काय केलंस?"

"मला वाटलं ते."

"बोट सुटलीय, आणि ही म्हणते जेवून जा? अगं, आता मला तिथं दुसरं काही ऐकूच येणार नाही!" तिने खोडरबर काढले आणि खसाखसा घासले. माझा कागद मुळातच पातळ, त्यातून जुना. फुग्याच्या जागी भोक पडले आणि त्यातून मागचा पुठ्ठा दिसू लागला.

चिनामीने पेन्सिल दप्तरात टाकली. "बाबा घर सोडून गेले ना," ती म्हणाली, "तेव्हा गाडी चालू झाल्यावर आई हेच म्हणाली होती." तिने दप्तर उचलले आणि ती गेली.

काकूंनी भाताची खळ लावून मागून पांढरा कागद चिकटवला. त्यांनी कोणालाच बोल लावला नाही. इओरीला मात्र म्हणाल्या, "पान तेवढं चिकटवता येतं मला."

मित्रांनो, पुस्तके जपून हाताळा, हे तुम्हाला शाळेत सांगितलेच असेल. मी एवढीच भर घालतो. दुसऱ्यांच्या पुस्तकात लिहू नका. पण कोणी लिहिलेले दिसले, तर पुसण्यापूर्वी थांबा आणि विचारा, हे तुला का सुचले? इओरी माझ्यावर फार प्रेम करते. त्याच प्रेमाच्या भरात तिने विचारायचे राहून गेले.

सिनेमा काल लागला. दोघींपैकी कोणी पाहिला की नाही, मला ठाऊक नाही. आज शनिवार. इओरी चारला आली आणि तिने मला फळीवरून काढून टेबलावर ठेवले, उघडले नाही. "काकू, दोन," ती म्हणाली. तिने चिनामीला फोनवर निरोप पाठवला आहे. तो वाचल्याची खूण आली आहे, उत्तर नाही. काकूंनी एकीचे पीठ तव्यावर ओतले आहे. दुसरीचे अजून पळीत आहे.