दारावरचं शून्य

सांगून कुणाचा विश्वास बसणार नाही, पण त्या प्रसूतिगृहात सलग सहा वर्षं एकही बाळ दगावलं नव्हतं. दारातच पाटी होती: या वर्षीचे बालमृत्यू, शून्य. तपासणीला साहेब आले की नोंदणी कारकून रंगात यायचा. "साहेब, इथली हवाच तशी! परवा एक पोरगं जन्मलं ते टुणकन वजनकाट्यावर जाऊन बसलं. वर सिस्टरला म्हणतं, नीट बघा, काटा हलतोय!" साहेब पोट धरून हसायचे आणि उत्तम असा शेरा मारून जायचे.

ही हवा कारकुनाच्या कपाटात तयार व्हायची. तिथं दोन रजिस्टरं होती. बाळानं जन्मून एक जरी श्वास घेतला, तर नोंद जाड रजिस्टरात: जन्म, नाव, आणि गेलंच तर मृत्यू. पोटातच गेलं असेल तर पातळ रजिस्टरात: मृतजन्म. त्यात नावाचा रकानाच नव्हता, आणि ती बाळं बालमृत्यूत धरत नसत. मोठ्या डॉक्टरांचा तोंडी हुकूम होता, पहिल्या दिवशी गेलेलं प्रत्येक बाळ पातळ रजिस्टरात टाकायचं. सहा वर्षांत त्या पातळ रजिस्टरानं चांगलंच बाळसं धरलं होतं.

बाळ गेलेल्या बायकांची समजूत कारकूनच काढायचा. "आधीच गेलं होतं हो, ताई." काहींना ते खरं वाटायचं. बाकीच्यांच्या अंगात भांडायचं त्राण नसायचं.

मग एका दुपारी त्याची स्वतःची लेक तिथं बाळंत झाली. सातव्याच महिन्यात. मुलगा. पडद्यापलीकडे काचेची पेटी होती, पण ती वर्षभर गरमच होत नव्हती. नवी मिळावी म्हणून कारकुनानंच तीन अर्ज टाकले होते. तिन्ही वेळा वरून एकच उत्तर आलं: आपल्याकडे बालमृत्यू शून्य, सबब गरज दिसत नाही.

सिस्टरनं बाळाला कापसात गुंडाळलं. आजोबा तळहात चोळून चोळून त्याच्या पायांना लावत राहिला. चाळीस मिनिटं.

मग मोठ्या डॉक्टरांनी पातळ रजिस्टर पुढं केलं. "तुमच्या घरचं म्हणून वेगळा नियम कसा करायचा? सोमवारी तपासणी आहे."

त्यानं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

खाटेशी आला तेव्हा लेक जागी होती. "बाबा, नोंद केलीत? मी ठरवलेलं नाव घातलंत ना?"

"नाव कसं घालणार, बाळा?" त्याची जीभ सवयीनं सैल सुटली. "तुझा लेक महाहुशार! बाहेर डोकावला, इथला पसारा बघितला आणि म्हणाला, नको रे बाबा, मी आपला आतूनच परत जातो. आधीच गेला होता गं तो. डोळा उघडला नाही, हूं की चूं नाही. त्याला काही कळलंसुद्धा नाही."

चादरी बदलणारी सिस्टर तिथंच थबकली.

"खोटं बोलताय, बाबा," लेक म्हणाली. पलीकडच्या खाटांवरच्या बायकांनी माना वळवल्या. "तो रडत होता. पडद्याआडून मला सगळं ऐकू येत होतं. आणि तुम्ही त्याला त्याच नावानं हाका मारत होतात."